आज भाकरी कुणाची

आमची खोली चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर होती. पहिली पाळी सुटली की कंपनीची बस माणसांना हमरस्त्यावर सोडायची आणि थोड्या वेळानं जिन्यात ह्यांच्या बुटांचा आवाज यायचा. हे म्हणजे माझे यजमान. त्या काळात आम्ही बायका नवऱ्याचं नाव घेत नसू, आणि इतक्या वर्षांनी लिहितानाही ते लेखणीतून उतरत नाही. लग्न झालं तेव्हा हे सगळा जिना एका दमात चढायचे. मग कधीतरी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आवाज थांबायला लागला. मी आत स्टोव्हपाशी असायची. आवाज थांबला की माझाही हात थांबायचा. थोड्या वेळानं बूट पुन्हा वाजायचे.

"कुणी भेटलं होतं का जिन्यात?" मी विचारायची.

"व्हय," हे म्हणायचे आणि घाम पुसत खाटेवर बसायचे. रोज रोज कोण भेटणार?

हे मूळचे जवळच्याच चऱ्होली गावचे. लहानपणापासून तालमीत घुमलेले. सकाळी जोर-बैठका, संध्याकाळी माती, आणि घरी आईनं राखून ठेवलेलं म्हशीचं दूध. पुढं आयटीआय केलं, कंपनीत लागले, क्रेनवर बसले आणि तालीम सुटली. जेवण मात्र पैलवानाचंच राहिलं. सोबतचे लोकही ह्यांना पैलवानच म्हणत. पोट सुटल्यावर त्या हाकेत थोडं हसूही आलं होतं, पण हाक बदलली नव्हती.

क्रेन म्हणजे रस्त्यावर दिसते तसली नव्हे. कारखान्याच्या छपराखाली दोन्ही भिंतींवर रूळ असतात आणि त्यावरून ती सगळ्या शॉपभर, म्हणजे त्या भल्यामोठ्या शेडभर, पुढंमागं फिरते. तिच्या पोटाला एक लहानशी केबिन लटकलेली. लोखंडी शिडीनं वर चढायचं, आणि पाळी संपेपर्यंत तिथं बसून जड साचे उचलायचे, खाली माणसं हातानं खुणा करतील तिथं अलगद ठेवायचे. ह्यांना त्या कामाचा फार अभिमान. "खाली समद्यांना आपापलं मशीन दिसतं," हे म्हणायचे, "मला आख्खी शॉप दिसती."

माझं सांगायचं तर माझे वडील मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी दोर वळून बाजारात विकायचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. वडिलांनी मला बी. ए.पर्यंत कसं शिकवलं ते मला अजूनही पुरतं उमगलेलं नाही. त्या पदवीवर चिंचवडात एका शाळेत शिक्षिकेची नोकरी लागली आणि इथलंच स्थळ आलं. मुलगी पदवीधर आणि मुलगा आयटीआयचा, म्हणून नातेवाईक कुजबुजले. वडील एवढंच म्हणाले, "पोरगा हातानं काम करतो. मीही हातानंच करतो." मला त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही.

त्या वर्षी आषाढाच्या शेवटी कंपनीत तपासणी झाली. त्या दिवशी हे घरी आले, बूट काढले आणि तसेच बसून राहिले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काय म्हणायचं? रक्तदाब वाढलाय. वजन लई झालंय." पुढं म्हणाले, "संक्रांतीनंतर पुन्हा तपासनार. न्हाई उतरलं तर म्हणले, क्रेनवरनं खाली घेतो. गोदामात बसवतो."

"वाईट वाटून घेऊ नका. गोदामातही—"

"अगं, वर चक्कर आली तर?" ह्यांनी मला मध्येच तोडलं. "हुकाला साचा असतो अन् खाली माणसं असत्यात. डॉक्टर खोटं बोलत न्हाई." मग हळूच म्हणाले, "पन मला खाली न्हाई यायचं."

इतक्या धडधाकट माणसाचा तेवढा बारीक आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते अगदी साधं होतं. भाकरी निम्मी, भात मुठीएवढा, तेल निम्मं, पालाभाजी दुप्पट, आणि रोज चालणं. आणखी एक अट ह्यांनी स्वतःच घातली. यातलं कुणाला काही सांगायचं नाही. तालमीतला माणूस डॉक्टरच्या सांगण्यावरून कमी जेवतो हे बाहेर कळलं तर तोंड कुठं लपवायचं? शिवाय क्रेनची जागा रिकामी होणार अशी कुणकुण लागली असती, तर तिच्यावर डोळा ठेवणारे कमी नव्हते.

मी कामाला लागले. पहिली अडचण होती ताटाची. ह्यांचं ताट पितळेचं, परातीची धाकटी बहीणच म्हणा. लग्नानंतर सासूबाईंनी ते माझ्या हाती देताना बजावलं होतं, "ह्यातच वाढायचं. माझ्या पोराचं ताट हाय." त्या ताटात दोन भाकरी आणि मूठभर भात ठेवला की ते उष्टं ताट पडल्यासारखं दिसे. जेवणाराचं मन आधीच उपाशी. मी जुन्या साड्या देऊन भांडेवालीकडून एक लहान स्टीलचं ताट घेतलं. हळदीकुंकवात मिळालेली एक वाटी भाताचं माप म्हणून ठरवली. तेलाच्या बुधलीत पळी बुडवायची सोडून चमच्यानं मोजून तेल घालायला लागले.

सकाळी वेळ थोडा असायचा. ह्यांची बस उजाडायच्या आधी, माझी शाळा त्यानंतर. वातींच्या स्टोव्हवर जे झटपट होईल तेच करायचं. रात्री भिजवलेली मुगाची डाळ पाट्यावर भरड वाटून तिची धिरडी; तव्यावर तेलाचं नुसतं बोट फिरवायचं. मटकी फडक्यात बांधून खुंटीला टांगलेली असायची, तिला दुसऱ्या दिवशी मोड येत; तिची उसळ कांदा-लसणावर चटकन होई. आणि आमच्याकडचा घोळाणा. कोवळी मेथी, पातीचा कांदा, मीठ, तिखट, थोडं दाण्याचं कूट, की झालं. त्याला आचही लागत नाही.

पण खरं सांगते, त्या पहिल्या आठवड्यात डबा भरताना माझा हात जड व्हायचा. माझ्या लहानपणी आई भाकरी मोजून वाढायची. आम्ही पाच भावंडं. आई तोडून अर्धी अर्धी द्यायची आणि स्वतःच्या वाटणीचं आम्हाला कधी दिसायचं नाही. मोजून वाढणं म्हणजे गरिबी, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. नोकरी लागल्यावर मी मनाशी ठरवलं होतं की माझ्या घरात कधी कुणाला मोजून वाढायचं नाही. आणि आता घरात पुरेसं पीठ असताना मी नवऱ्याच्या डब्यात दोन पातळ भाकऱ्या ठेवत होते.

अशातच एका रविवारी सासूबाई आल्या. डोक्यावर पाटी, तिच्यात हरभऱ्याचं पीठ, वांगी आणि तुपाचा डबा. हे जेवायला बसले तशी त्यांची नजर स्टीलच्या ताटावर गेली.

"ताट कुठं गेलं रं पोरा?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ह्यांच्याकडं.

"चेपलंय जरा," हे म्हणाले.

"चेपलंय?" सासूबाईंनी फळीवरचं पितळी ताट काढलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि माझ्याकडं वळल्या. "तू बी.ए. झालीस ना? मग बी.ए.त हेच शिकिवत्यात व्हय, नवऱ्याला बशीत वाढायला?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. त्या दिवशी ह्यांना आईच्या हातून पितळी ताटात जेवावं लागलं. सासूबाई गेल्यावर हे म्हणाले, "तिला बी सांगायचं न्हाई. ती चऱ्होलीभर करंल." मी ते ताट पुन्हा फळीवर ठेवलं.

अडीच-तीन महिने असे गेले. श्रावण गेला, गणपती गेले. मी चमच्यानं तेल घालत होते, वाटीनं भात वाढत होते, आणि जिन्यातला आवाज अजून दुसऱ्या मजल्यावर थांबतच होता. मग आम्ही स्टेशनवर गेलो. तिथल्या वजनाच्या यंत्रावर उभं राहून नाणं टाकलं की खडखड करत जाड कागदाचं तिकीट बाहेर पडे. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. ह्यांनी आधी भविष्य वाचलं. मनातली इच्छा लवकरच पूर्ण होईल असं काहीसं होतं. मग तिकीट उलटं केलं आणि माझ्या हातात दिलं. वजन आधीपेक्षा दोन किलो जास्त होतं.

घरी येईपर्यंत मी ते मुठीत धरून होते. पण खोलीत आल्यावर राहवलं नाही. "अहो, खरं सांगा. बाहेर काही खाता का? भजी, मिसळ?"

"आईशप्पथ न्हाई."

"मग हे वाढलं कुठून?"

"काय की," असं म्हणून हे खिडकीतून बाहेर बघायला लागले. हे खोटं बोलत नव्हते. माझ्या प्रश्नाचं उत्तर खरंच दिलं होतं. बाहेर काही खात नव्हते. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता.

पुढच्या आठवड्यात खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यात यंत्रांची पूजा असते. मशिनी पुसून लख्ख करतात, झेंडूच्या माळा घालतात, नारळ फोडतात, आणि दुपारी बायकामुलांना आत येऊ देतात. माझी ती पहिलीच वेळ. एरवी दणदणाट असतो म्हणतात ती शॉप त्या दिवशी देवळासारखी शांत होती. हे मला थेट क्रेनखाली घेऊन गेले. हुकाला नारळ आणि लिंबू बांधलं होतं. मान मागं टाकून वर बघितलं तर छपराला लागून ती केबिन, चिमणीच्या घरट्याएवढी. शिडी सरळ भिंतीसारखी उभी. मी मनात म्हटलं, रोज ही चढतात, आणि चाळीचा जिना दोन दमांत?

तिथंच ह्यांची डब्याची मंडळी भेटली. हे चौघं रोज एकत्र जेवत. जुनं वर्तमानपत्र पसरून त्याभोवती बसायचं, सगळे डबे मध्ये उघडायचे आणि कुणीही कुणाचं घ्यायचं, अशी रीत. एक कोकणातले वयस्क वेल्डर होते, त्यांना सगळे काका म्हणत. दुसरे देखभाल विभागातले मुसलमान फिटर, रोज तळेगावाहून गाडीनं येणारे. तिसरा माझ्याच मुलखातला, परभणीकडचा. खाली उभा राहून साच्याला साखळ्या लावायच्या आणि वर क्रेनला खुणा करायच्या, हे त्याचं काम. आपल्याकडची म्हणून तो मला ताई म्हणायचा. हे खाली आले असते तर ह्यांच्या जागी बहुतेक तोच वर गेला असता. त्याला क्रेन चालवायचं शिकवलंही ह्यांनीच होतं.

हे सोबत्यांच्या मुलांना हूक दाखवत होते तेवढ्यात काकांनी मला जरा बाजूला बोलावलं.

"वहिनी, मोठा म्हणून विचारतो. वाईट वाटून घेऊ नका हां."

"विचारा ना काका."

"घरात काही अडचण आहे काय?"

मला कळेना. "नाही हो. कसली?"

काकांनी फिटरकडं बघितलं. फिटर खाली मान घालून म्हणाले, "भाभी, लपवायचं कशाला? आम्ही परके आहोत काय? आमच्यावर पण वेळ आलेली आहे. दुष्काळाच्या साली माझ्या घरी पण असाच डबा होता."

"कसला डबा?"

आता परभणीकर पुढं झाला. "ताई, पैलवानाच्या डब्यात दोन पापडावानी भाकरी असतात अन् पाला असतो. अडीच-तीन महिने झाले. आम्हाला काय दिसंना व्हय? पण इचारायचं कसं? घरात दाणा हाय का न्हाय, असं कुणी कुणाला इचारतं का?"

"मग?"

"मग काय! म्या एक भाकर टाकितो. काका टाकत्यात. हे भाई तर सालन घालून वर अंडं ठिवत्यात."

"माझी बायको तर आता त्यांच्यासाठी वेगळी दोन घावनं बांधून देते," काका म्हणाले. "म्हणते, त्या मोठ्या अंगाच्या माणसाला उपाशी नका ठेवू."

तिथंच मला सगळा उलगडा झाला. डबा जितका लहान, तितकी भर मोठी. माझ्या दोन भाकऱ्यांवर आणखी तीन-चार, वर घावन, वर अंडं. कुणी विचारलं नाही, कारण विचारणं म्हणजे घराची अब्रू काढणं. ह्यांनी नको म्हटलं नाही, कारण पुढ्यात कुणी प्रेमानं ठेवलेलं परत सारणं म्हणजे त्या घराचा अपमान, आणि पानात पडलेलं टाकायचं नाही असं आम्हा सगळ्यांनाच आईबापांनी शिकवलेलं. तीन भल्या माणसांनी मिळून माझ्या नवऱ्याला क्रेनवरून खाली आणायचं चालवलं होतं.

हे परत आले. माझा चेहरा बघून काय ते समजले.

"सांगू का?" मी विचारलं.

ह्यांनी एकदा वर केबिनकडं बघितलं. मग म्हणाले, "मीच सांगतो." आणि सांगितलं. डॉक्टर, रक्तदाब, संक्रांतीनंतरची तपासणी, गोदाम. सगळं, मान खाली घालून.

मग फिटर मोठ्यानं हसायला लागले. "या अल्ला! म्हणजे आम्ही ह्याला दाणा घालून घालून कसायाकडं पाठवत होतो!"

"अरे, पण मग तोंडात मिठाची गुळणी का धरलीस?" काका चिडले. "माझ्या बायकोनं तांदळाचं पीठ संपवलं तुझ्यापायी."

"लाज वाटली, काका."

"खाताना नाही वाटली?"

मग हे परभणीकराकडं वळले. त्याच्याशी बोलणं सगळ्यांत अवघड होतं. "तुला सांगायची भीती वाटली, राव. मी खाली आलो तर वर तूच जानार."

त्यानं ह्यांच्याकडं बघितलं, मग वर त्या शिडीकडं. "पैलवान, शिकताना दोन-चार डाव म्या वर बसलो की न्हाय? वरून खाली बघितलं की मला गरगरतं. तुम्हाला सांगायची लाज वाटली म्हणून बोललो न्हाय." तो हसला. "तुम्ही वरच राहा बरं. तुमच्या हातानं साचा खाली आला की मला पाय मागं घ्यावा लागत न्हाय. दुसरा कुणी आला तर मला झोप यायची न्हाय."

त्या चौघांनी तिथल्या तिथं, झेंडूच्या माळेखाली, एक रीत ठरवली. तिचं श्रेय त्यांचंच. मी फक्त ऐकत होते. पैलवानाच्या डब्यात रोज भाकरी नको. भाकरी आपण देऊ, पण एका दिवशी एकाच घरची, आणि एकच. आज काकांची, उद्या भाईंची, परवा परभणीकराची, मग घरची. माझ्याकडं एक काम आलं. पालाभाजी, उसळ आणि कोशिंबीर चौघांना पुरेल एवढी मी पाठवायची.

"कमी नको हां, वहिनी," काका म्हणाले. "डबा भरलेला दिसला पाहिजे. रिकामा डबा मला बघवत नाही."

दसऱ्यानंतर मी मोठा चार पुडांचा डबा घेतला. एका पुडात मोडाची उसळ, दुसऱ्यात घोळाणा किंवा मुळ्याची कोशिंबीर, तिसऱ्यात ताकातली पालकाची भाजी, चौथ्यात काकडीच्या फोडी. डबा जड झाला आणि माझा हात हलका झाला. सकाळी डबा बंद करताना झाकण दाबावं लागे, तेव्हा मला बरं वाटे. मोजणं होतंच, पण आता ते माझ्या एकटीच्या हातात नव्हतं.

जेवायच्या सुट्टीत काय चाले ते हे घरी येऊन साभिनय सांगत. कागद पसरला की पहिला प्रश्न, "आज भाकरी कुणाची?" ज्याची पाळी तो ऐटीत पुढं करायचा. काकांकडची तांदळाची पांढरीशुभ्र, भाईंकडची चपाती, परभणीकराकडची ज्वारीची, चांगली जाडजूड. "ह्याची भाकर म्हणजे दोन मोजा," अशी काका तक्रार करायचे. "एक म्हणजे एक," परभणीकर म्हणायचा, "जाडी ठरली नव्हती." ह्यांचा हात चुकून दुसऱ्या डब्याकडं गेला की भाई चमच्यानं बोटावर मारायचे. हळूहळू बाकीचेही पालाभाजी जास्त खायला लागले. भाईंच्या घरून एकदा निरोप आला, "भाभींना विचारा, घोळाण्यात काय काय घालतात?" मी निरोप धाडला आणि सोबत मेथीची जुडीही.

संध्याकाळी आम्ही चालायला लागलो, हमरस्त्यावरून नदीच्या दिशेनं. नवरा-बायको नुसतेच चालायला निघतात हे आमच्या चाळीला नवीन होतं. "काय, जोडी कुठं निघाली?" असं कुणी ना कुणी विचारायचंच. पहिले काही दिवस मी खोटीच पिशवी घेऊन निघायची, भाजीला चाललोय असं दिसावं म्हणून. मग पिशवी घरीच राहायला लागली. लग्नानंतर आम्ही एकमेकांशी इतकं बोललो ते त्या चालण्यातच. वडिलांच्या दोरांबद्दल मी सांगायची, तालमीबद्दल हे.

खरी परीक्षा दिवाळीत होती. ह्या वेळी हे सायकलवरून एकटेच चऱ्होलीला गेले आणि आईला सगळं सांगून आले. दोन दिवसांनी सासूबाई आल्या. पाटी हलकी होती. फळीवरचं पितळी ताट काढलं, चिंचेनं घासलं, आणि मेथीच्या जुड्या त्यात ओतून निवडायला बसल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "मला काय ठावं? ह्याचा बा तरणाताठा गेला, जेवता जेवता, अर्ध्या ताटावरनं. तवापासनं ह्याला खाताना बघितलं की माझ्या जीवात जीव येतो." मी त्यांच्या शेजारी बसून मेथी निवडायला लागले. त्या दिवाळीत आमच्याकडं चिवडा पातळ पोह्यांचा, नुसता भाजलेला झाला, आणि लाडू झाले ते सुपारीएवढे. "बी.ए.चे लाडू," असं म्हणत सासूबाईंनी ते शेजारी वाटले. त्यानंतर ते ताट भाजी निवडायचंच झालं. चौघांना पुरेल एवढा पाला निवडायला तेवढंच ताट लागायचं.

सगळं सरळ गेलं असं नाही. मधे पाळी बदलली, झोपेचं बिनसलं, आणि दोन आठवडे वजन जागचं हललं नाही. एकदा गावच्या जत्रेत हे मनसोक्त जेवून आले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःवरच रुसून बसले. पण ह्यांची पँट कमरेत सैल झाली, आधी पट्ट्याला नवं भोक पडलं, मग शिंप्याकडं जावं लागलं, हेही खरं.

संक्रांत झाली. तपासणीचा दिवस आला. मी शाळेत होते. त्या काळी आमच्याकडं फोन कुठला? वर्गात मुलांना धडा वाचायला लावला आणि मी खिडकीतून बघत राहिले. एका मुलीनं दोनदा तोच परिच्छेद वाचला, ते मला कळलंही नाही.

दुपारी घरी येऊन भात टाकला, मापाच्या वाटीनं. बसची वेळ झाली. जिन्यात बूट वाजले. पहिला मजला. दुसरा मजला. माझा हात सवयीनं थांबला. आवाज थांबला नाही. तसाच वर येत राहिला, दारापर्यंत.

दार उघडलं तर हे उभे. श्वास लागलेला नव्हता.

"वरच हाय मी," हे म्हणाले. "डॉक्टर म्हणले, वजन अजून उतरवायचं हाय. पन रक्तदाब ताब्यात आलाय. क्रेन सोडायची गरज न्हाई. पुढच्या साली पुन्हा बघू म्हणले."

मी डबा घ्यायला हात पुढं केला. डबा नेहमीपेक्षा जड लागला.

"ह्यात काय आहे?"

"उघड."

खालच्या पुडात कागदात गुंडाळलेला जिलबीचा एक तुकडा होता. एकच, वेढ्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. त्याच्याखाली काकांच्या घरची दोन घावनं.

"घावनं तुला, काकूनं दिल्यात. जिलबी भाईंनी आनली," हे सांगायला लागले. "एकच आनली. काका म्हणले, पाच वाटण्या करा. परभणीकरानं दोरा घेऊन मापून तोडली."

"तुम्ही खाल्लीत?"

"खाल्ली," हे म्हणाले आणि बूट काढायला वाकले, पूर्वी वाकताना निघायचा तो हुंकार न काढता. "माझ्या वाटणीची. ही तुझी."